दप्तर खाली ठेवल्यावरचा पहिला प्रश्न

वर्गातल्या कुणी मारले, ढकलले, चिडवले किंवा खेळातून बाहेर काढले, ही गोष्ट मूल घरी सांगते तेव्हा त्या सांगण्यापूर्वी त्याच्या मनात बरीच उलथापालथ होऊन गेलेली असते. सांगितले तर आई रागावेल का, बाबा उद्या शाळेत येऊन सगळ्यांसमोर आवाज चढवतील का, ज्याने मारले त्याला हे कळले तर तो आणखी मारेल का, असा विचार अगदी लहान मुलेही करतात. म्हणूनच अनेकदा गोष्ट आपल्याला सांगितली जात नाही, ती दिसते. बाहीखालचा वळ दिसतो, फाटलेला खिसा दिसतो, न उघडलेला डबा दिसतो, आणि मग आपण विचारतो. त्या क्षणी आपल्या तोंडून निघणाऱ्या पहिल्या प्रश्नाविषयी मला लिहायचे आहे, कारण पुढच्या वेळी मूल आपल्यापाशी येईल की नाही, हे बऱ्याच अंशी त्या प्रश्नावर ठरते अशी माझी खात्री झाली आहे.

"तू आधी काय केलं होतंस?" असे विचारणाऱ्या पालकाच्या मनात खोट नसते. आपल्या मुलाची बाजू डोळे झाकून घ्यायची नाही, असे त्याला प्रामाणिकपणे वाटत असते. परंतु मार खाऊन आलेल्या मुलाला त्यातून एवढेच ऐकू येते की घरातही आधी आपलाच दोष शोधला जाणार आहे. "चालायचंच, मुलं आहेत, विसरून जा" हे वाक्य तर मोठ्या माणसाची काळजी तेवढी हलकी करते आणि मुलाला सांगून जाते की ही गोष्ट सांगण्याजोगी नव्हती.

तिसरे वाक्य मला सर्वांत जास्त अस्वस्थ करते, कारण ते प्रेमापोटी येते आणि बहुधा अभिमानाने बोलले जाते: "मग तूही दोन ठेवून का नाही दिल्यास?" ज्या मुलाला उलट हात उगारणे शक्य असते, त्याने ते बहुतेक वेळा तिथल्या तिथे केलेले असते. ज्याला ते जमले नाही, ते मूल दुपारी वर्गमित्रापुढे कमी पडले आणि संध्याकाळी, घरात पाय टाकल्यावर, आपल्या वडिलांपुढेही कमी पडले. दुसऱ्या दिवशी शाळेत जाताना त्याला मारणाऱ्याची भीती असतेच, त्यात घरी परतल्यावर "आज मारलंस का?" या प्रश्नाचीही भर पडते. शिवाय त्याने खरोखरच उलट मारले तर शिक्षकांची नजर पुष्कळदा त्या दुसऱ्या फटक्यावरच पडते, आणि आठवडाभर सोसलेले मूल कार्यालयाबाहेर शिक्षा म्हणून उभे राहते. मुलाने निमूटपणे मार खावा, असे मी मुळीच म्हणत नाही. हात सोडवून घेणे, मागे सरणे, "थांब, मला हात लावू नकोस" असे सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणणे आणि तडक मोठ्या माणसाकडे जाणे, ही सगळी प्रतिकाराचीच रूपे आहेत. मात्र ती आयत्या वेळी सुचत नाहीत. घरी, दार लावून, पुन्हा पुन्हा म्हणून घ्यावी लागतात. सुरुवातीला मुलाचा आवाज घशातच अडकतो आणि काही दिवसांनी तो मोकळा होतो.

आपल्या रागाविषयीही इथेच बोलायला हवे. आपल्या लेकराच्या अंगावर दुसऱ्याच्या हाताचा वळ पाहून ज्याच्या तळपायाची आग मस्तकात जात नाही, असा पालक विरळा. या रागात पुष्कळदा जुना हिशोबही मिसळलेला असतो, म्हणजे आपल्याला शाळेत कुणी छळले होते, तेव्हा आपल्या पाठीशी कुणी उभे राहिले नव्हते, आणि आता तरी कुणाला तरी जाब विचारायचाच असतो. तो राग खोटा नाही, पण तो आपला आहे. मुलाचे दुःख वेगळे असते आणि ते आपल्या रागाखाली सहज दडपले जाते. मूल आपला चेहरा वाचत असते. आई रडू लागली किंवा बाबांचा आवाज चढला की ते आपली गोष्ट आवरती घेते, "काही नाही, एवढं लागलं नाही" म्हणते आणि उलट आपलीच समजूत घालू लागते. मुलावर ती वेळ येता कामा नये.

माझी मुलगी दुसरीत असताना एका संध्याकाळी बाही खाली ओढून ओढून घरात वावरत होती. माझी आई तिची वेणी घालायला बसली तेव्हा बाही वर सरकली आणि दंडावर दातांचे अर्धगोल वण दिसले, कडेला जांभळे आणि मध्ये पिवळट. आईचा हात थांबला नाही. तिने पेड पुढे घालत विचारले, "अजून दुखतंय का गं?" मुलगी म्हणाली, "थोडं." आई म्हणाली, "बरं," आणि वेणी पुरी केली. मग उठून साबणाच्या पाण्याने तो दंड धुतला, कातडी फाटली आहे का हे उजेडात नीट पाहिले आणि ओल्या फडक्याची घडी त्यावर ठेवून तिथेच बसून राहिली. कोणी, कधी, का, यांतले एक अक्षरही तिने विचारले नाही. मी दाराशी उभा राहून ऐकत होतो. मुलगी बोलू लागली ती शेवटाकडून, आधी घंटा झाल्याचे, मग झोपाळ्याचे, मग रांगेत कुणाचा नंबर होता त्याचे. सर्वांत शेवटी, आपणहून, तिने सांगितले की नंबर संपल्यावरही आपण झोपाळ्याची साखळी सोडली नव्हती. "तू आधी काय केलं होतंस?" या प्रश्नाला जे उत्तर हवे असते, ते प्रश्न न विचारताच आले होते, आणि ते देताना तिला मान खाली घालावी लागली नव्हती.

मुलांच्या साक्षीविषयी स्टीफन सेसी आणि मॅगी ब्रक या मानसशास्त्रज्ञांनी केलेले काम या संदर्भात मला फार मोलाचे वाटते. सूचक प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले तर लहान मुलांच्या सांगण्यात बदल होत जातो, आणि न घडलेल्या गोष्टीही त्यांच्या आठवणीत शिरू शकतात, हे त्यांनी 1990 च्या दशकात दाखवून दिले. त्यांचा विषय न्यायालयातील साक्षींचा होता, पण घरातही तेच घडते. "त्यानेच ढकललं ना?" या प्रश्नात उत्तर आधीच भरलेले असते. तोच प्रश्न आईने, मग वडिलांनी, मग फोनवर मावशीने विचारला की आपले पहिले उत्तर चुकले असावे असे मुलाला वाटू लागते आणि ते मोठ्यांना हवे ते देऊ लागते. नंतर शाळेत खरोखर काय घडले हे शोधायची वेळ येते तेव्हा मुलाची आठवण कुठे संपते आणि घरातली चर्चा कुठे सुरू होते, हे कुणालाच सांगता येत नाही. "काय झालं ते सांग" आणि त्यानंतर "मग?" एवढे दोनच प्रश्न पुष्कळ काम करतात.

शरीराकडे मात्र लगेच पाहायला हवे, त्यात वाट पाहणे नाही. डोक्याला मार लागला असेल आणि मुलाला उलट्या होत असतील, नेहमीपेक्षा अधिक गुंगी येत असेल, डोकेदुखी वाढत असेल किंवा बोलण्यात असंबद्धपणा आला असेल तर थेट रुग्णालय गाठावे. कायमचा दात मुळासकट निखळला तर तो मुळाला हात न लावता उचलून दुधात ठेवावा आणि तासाभराच्या आत दंतवैद्याकडे पोहोचावे, कारण तो पुन्हा बसवता येतो. दुधाचा दात मात्र पुन्हा बसवत नाहीत. चाव्याने कातडी फाटली असेल तर डॉक्टरांना दाखवावे.

यानंतरचा प्रश्न असा की घडले ते भांडण होते की छळ. इथे घाई केली तर पुढचे सगळेच चुकते. तीन वर्षांचे मूल शेजारच्या मुलाला चावले तर ते वाईट वळणाचे लक्षण नव्हे. कॅनडातील संशोधक रिचर्ड ट्रेम्ब्ले यांनी मुलांचा वर्षानुवर्षे मागोवा घेऊन दाखवले की मारणे, चावणे, ढकलणे हे सर्वांत जास्त प्रमाणात दोन ते चार वर्षांच्या वयात आढळते आणि भाषा व संयम येत जातात तसे बहुतेक मुलांमध्ये ते ओसरते. चिमुकल्यांच्या वर्गातल्या चाव्यावरून दोन कुटुंबांनी एकमेकांचे तोंड पाहायचे सोडावे, याला काही अर्थ नाही. दहा वर्षांच्या मुलाला रोज मधल्या सुट्टीत तेच दोघे कोपऱ्यात गाठत असतील, तर ती निराळी गोष्ट आहे.

छळ ओळखण्याचे निकष नॉर्वेत काम करणाऱ्या डॅन ओल्वेयस या मानसशास्त्रज्ञाने घालून दिले. 1970 च्या दशकापासून त्यांनी या विषयाचा पद्धतशीर अभ्यास केला होता. 1982 साली उत्तर नॉर्वेत 10 ते 14 वर्षे वयाच्या तीन मुलांनी आत्महत्या केल्या. सोबत्यांकडून झालेला तीव्र छळ हे त्यामागचे कारण असावे, असे समोर आले आणि सारा देश हादरला. पुढच्याच वर्षी तेथील शिक्षण मंत्रालयाने देशभर छळविरोधी मोहीम सुरू केली. ओल्वेयस यांचे म्हणणे असे की इजा हेतुपुरस्सर असेल, ती पुन्हा पुन्हा होत असेल आणि दोन बाजूंच्या ताकदीत असा फरक असेल की सोसणाऱ्याला स्वतःचा बचाव करणे कठीण जाते, तर त्याला छळ म्हणावे. ही ताकद अंगाचीच असते असे नाही. ती वयाची, संख्येची, वर्गातल्या लोकप्रियतेची किंवा दुसऱ्याचे गुपित हाती असण्याचीही असते.

भांडणात दोघांना समोरासमोर बसवून, दोघांचे ऐकून घेऊन, हात मिळवायला लावणे योग्यच आहे. छळाच्या बाबतीत तोच उपाय घातक ठरतो. ज्याला रोज कोपऱ्यात गाठले जाते त्याला गाठणाऱ्याच्या समोर बसवून "तुमच्या दोघांत काय झालं?" असे विचारणे म्हणजे त्याच्यावर आणखी एक प्रसंग आणणे. तो तिथे खरे बोलणार नाही, हात मिळवेल, आणि बाहेर पडल्यावर त्या हस्तांदोलनाची किंमत मोजेल. कितीतरी चांगले, मनापासून काम करणारे शिक्षकही ही गल्लत करतात, आणि पालकांनी ती तेवढ्यापुरती स्पष्टपणे नाकारली पाहिजे.

वळ न उठवणारी इजा तर आणखी उशिरा लक्षात येते. "आम्ही तुझ्याशी खेळणार नाही" असे सगळ्यांनी मिळून ठरवणे, डबा खाताना उठून दुसरीकडे जाऊन बसणे, नावाला एखादे विशेषण चिकटवणे, याबद्दल तक्रार करायला गेले तर दाखवायला हाती काही नसते. नेओमी आयझेनबर्गर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2003 साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात माणसांना संगणकावरच्या साध्या चेंडूच्या खेळातून वगळले गेले, तेव्हा शारीरिक वेदनेच्या त्रासाशी निगडित मानल्या जाणाऱ्या मेंदूच्या भागात हालचाल वाढलेली आढळली. पडद्यावरच्या अनोळखी खेळाडूंनी चेंडू न टाकल्याने मोठ्या माणसांचे असे होत असेल, तर रोज त्याच चाळीस चेहऱ्यांमध्ये बसणाऱ्या आठ वर्षांच्या मुलाला "एवढं काय मनाला लावून घ्यायचं" असे सांगणे किती अपुरे आहे हे मला वेगळे सांगायला नको.

शाळेत जावे, आणि शांतपणे जावे. आधी वर्गशिक्षकांना भेटावे, तेही फाटकाशी नव्हे, वेळ ठरवून. मुलाने काय सांगितले ते त्याच्याच शब्दांत, तारीख आणि जागा यांसह लिहून न्यावे, आणि आपले निष्कर्ष त्यात मिसळू नयेत. "तुम्हाला काय दिसलं?" हे आधी विचारावे, कारण शिक्षकांनी पाहिलेली एखादी बाजू आपल्याला ठाऊक नसते. कुणाची नजर कुठे राहील, बसण्याची जागा बदलेल का, मधल्या सुट्टीत मुलाने कुणाकडे जायचे, आणि आपण पुन्हा कधी बोलायचे, एवढे ठरल्याशिवाय उठू नये. दुसऱ्या मुलाला काय शिक्षा केली हे शाळेने सांगितले नाही तर पालकांना ते प्रकरण दाबल्यासारखे वाटते. मला मात्र शाळेचे ते मौन योग्य वाटते, कारण उद्या आपल्या मुलाकडून काही चुकले तर त्याच्याबद्दलही इतर पालकांना काही सांगितले जाऊ नये, अशीच आपली इच्छा असेल. आपल्या मुलाच्या सुरक्षिततेसाठी काय केले, हे मात्र विचारण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे. "आमच्याकडे असले प्रकार होत नाहीत" हे उत्तर कधीही स्वीकारू नये. तसे उत्तर मिळाले की मुख्याध्यापकांना लेखी द्यावे आणि पोच घ्यावी.

शाळेच्या दाराशी त्या दुसऱ्या मुलाला गाठून दम भरणे हे कोणत्याही परिस्थितीत करू नये. तेही मूलच आहे, आणि त्याच्यासमोर आपण त्याच्या दुप्पट उंचीचे असतो. पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वळाचा फोटो टाकण्याबद्दलही माझे मत तितकेच ठाम आहे. तो संदेश रागाच्या भरात जातो, तासाभरात त्यावर पन्नास प्रतिक्रिया येतात, दुसऱ्या मुलाचे नाव सर्वतोमुखी होते, त्याचे पालक बचावासाठी तितकेच कठोर होतात आणि ज्या संवादातून काही निष्पन्न झाले असते तो तिथेच तुटतो. मुख्य म्हणजे आपले मूल दुसऱ्या दिवशी ज्या वर्गात शिरते, तिथे प्रत्येकाने त्याचा दंड किंवा गाल मोबाइलवर पाहिलेला असतो. त्याचे दुखणे त्याला न विचारता सार्वजनिक झालेले असते, आणि तेही आपल्याच हातून.

कधी फोन उलट्या दिशेने येतो. आपल्या मुलाने कुणाला तरी दुखावले, असे शाळा सांगते. तेव्हा "माझा मुलगा असं करूच शकत नाही" हे वाक्य ओठांवर येते, आणि ते तिथेच अडवले पाहिजे. त्या मुलालाही "काय झालं ते सांग" एवढेच विचारायचे असते, फक्त ऐकून झाल्यावर त्याने जे केले त्याचे नाव स्पष्टपणे घ्यायचे असते आणि भरपाई त्यालाच करायला लावायची असते. दुसऱ्यांना मारणारी काही मुले स्वतः कुठेतरी मार खात असतात. त्यामुळे त्यांचे वागणे क्षम्य होत नाही, पण त्याच मुलाला घरी बेदम मारून आपण त्याला ताकदीचा तोच धडा पुन्हा शिकवत असतो.

या सगळ्यात ज्यांचा उल्लेखही होत नाही, ती भोवती उभी असलेली मुले. फिनलंडच्या क्रिस्टिना साल्मिवाल्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1996 साली दाखवले की छळाच्या प्रसंगात वर्गातल्या बहुतेक मुलांच्या काही ना काही भूमिका असतात. कुणी साथ देतो, कुणी हसून प्रोत्साहन देतो, कुणी बाजूला राहतो, आणि कुणी सोसणाऱ्याची बाजू घेतो. पुढे तिथे शाळांसाठी आखलेला 'किवा' नावाचा कार्यक्रम याच विचारावर उभा राहिला. कॅनडात शाळांच्या मैदानावरचे प्रसंग चित्रित करून केलेल्या आणि 2001 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की सोबत्यांपैकी कुणी मध्ये पडले तर निम्म्याहून अधिक वेळा छळ दहा सेकंदांच्या आत थांबला. मध्ये पडणारे मात्र थोडेच होते. आपले मूल मार खात नाही आणि मारतही नाही, म्हणून आपला या विषयाशी संबंध नाही, असे समजणाऱ्या पालकांना मला हे आवर्जून सांगावेसे वाटते. "आज वर्गात कुणी एकटं बसलं होतं का?" हा प्रश्न त्यांनीही अधूनमधून विचारावा.

मुलाला न विचारता काहीही करू नये, असे मला वाटते. संयुक्त राष्ट्रांच्या 1989 च्या बालहक्क संहितेतील बाराव्या कलमाने मुलाला स्वतःशी संबंधित बाबींत मत मांडण्याचा आणि ते विचारात घेतले जाण्याचा हक्क दिला आहे. घरात त्याचा साधा अर्थ असा की शाळेत जाण्याआधी "मी शिक्षकांशी बोलणार आहे, काय सांगू आणि काय नको?" असे मुलाला विचारायचे. मुले अनेकदा "कुणालाही सांगू नकोस" असे वचन मागतात. ते वचन देऊ नये, कारण धोका असेल तर ते मोडावेच लागते आणि मोडलेल्या वचनानंतर मूल पुन्हा तोंड उघडत नाही. "तुला सुरक्षित ठेवायला जे लागेल ते मी करीन, पण तुला सांगितल्याशिवाय करणार नाही" एवढे मात्र म्हणता येते आणि पाळताही येते.

बैठक झाली, जागा बदलली, दोन आठवडे शांततेत गेले, की आपण ते प्रकरण मिटले असे धरतो. मुलाच्या मनात ते त्या तारखेला मिटत नाही. शाळेच्या दिवशी सकाळीच दुखणारे पोट, हरवत राहणाऱ्या वस्तू, तुटलेली झोप आणि आवडत्या खेळाचा अचानक आलेला कंटाळा यांवर पुढेही लक्ष असावे, आणि ते लांबले तर समुपदेशकाकडे जायला मागेपुढे पाहू नये. पहिल्या वेळचे सांगणे सुखरूप पार पडले असेल तर काही महिन्यांनी, बहुधा भलत्याच विषयावर बोलत असताना, गोष्टीचा राहिलेला भाग बाहेर येतो: त्या दिवशी तिथे आणखी कोण होते, कोण हसले होते, किंवा त्याआधी दुसऱ्याच कुणावर ही वेळ आली होती तेव्हा आपण स्वतः बाजूला उभे राहून पाहत होतो. हा भाग सांगायला मुलाला मार खाल्ल्याचे सांगण्याहून अधिक धैर्य लागते. तेव्हाही हातातले काम न टाकता ऐकून घ्यावे, मध्ये बोलू नये, आणि त्या दुसऱ्या मुलासाठी आता काय करता येईल हे दोघांनी मिळून ठरवावे.